कण्हेरीला लाल बावटा

गेटमन आबा आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आधी माझ्याशी एक अक्षरही बोलले नाहीत. मी ओट्यावर दात घासत उभा, आणि हे गृहस्थ फाटक उघडून थेट आत! अंगात खाकी सदरा, खाली धोतर, कमरेला लाल-हिरव्या चिंध्यांचं जुडगं. तुळशीला हिरवी चिंधी बांधली. जास्वंदीला हिरवी. कुंपणाच्या कोपऱ्यात रस्त्याच्या कडेला कण्हेर होती, तिच्यापुढे मात्र कमरेवर हात ठेवून उभे राहिले. अट्टल चोर सापडावा तसं तिच्याकडे बघितलं आणि करकचून लाल चिंधी बांधली.

"अहो, हे काय चाललंय?" मी तोंडातला फेस सावरत ओरडलो.

"सिग्नल," आबा म्हणाले. "तुमच्याकडं कुत्रं हाय न्हवं, मास्तर? मंग हितं लाल पायजेच."

ही गोष्ट साठ-बासष्टची. मी लोणावळ्याला शाळेत मास्तर होतो आणि कुरवंड्याच्या रस्त्याला भाड्याने राहत होतो. आबा मूळचे कुरवंड्याचेच. सारी नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेली, पेन्शन घेऊन नुकतेच आमच्या घरामागच्या खोलीत एकटेच राहायला आले होते. फाटक सुटलं, पण बावटा काही सुटला नाही. गावातल्या ज्या ज्या बागेत कुत्रं, मांजर, शेळी असेल तिथल्या झाडांना ते सिग्नल देत फिरत. जनावराला विषारी ते लाल, बाकी हिरवं. धोतरा लाल, एरंड लाल, घाणेरी लाल. टोमॅटोपाशी जरा घोटाळा व्हायचा. "फळ हिरवं, पाला लाल" असं म्हणून एकाच रोपाला दोन चिंध्या बांधत. आमच्या घरमालकांना वाटलं, हा म्हातारा लाल बावट्याच्या पक्षाचा प्रचार करतोय!

आमचा वाघ्या नावापुरताच वाघ. कोंबडी दिसली की पलंगाखाली. पण चावायच्या बाबतीत शूर! माझ्या दोन वहाणा, सातवीच्या तिमाहीचे पेपर आणि सासूबाईंची कवळी एवढं त्याने एका वर्षात फस्त केलं होतं. आबांनी त्याला कानाला धरून कण्हेरीपाशी नेलं. "ह्यो लाल. हितं थांबायचं. कळलं का?" वाघ्याने शेपूट हलवलं आणि तंगडी वर करून सिग्नलवरच धार धरली.

"बगा, सही केली त्यानं!" आबा खूश.

"आबा, कुत्र्याला रंग कळत नाहीत म्हणे."

"त्येला कशाला कळाया पायजेत? मालकाला कळलं म्हंजे झालं. तोडा ती कण्हेर."

पण आमच्या हिने साफ नकार दिला. दर सोमवारी महादेवाला तीच फुलं लागत. "देवाचं झाड आहे, आबा. कुत्र्यासाठी तोडायचं? काहीतरीच!"

आबा ठिकठिकाणी असेच बोलणी खात. एका बंगल्यात मुंबईच्या बाईंनी जाड पानांची कुंडी हौसेने आणली होती. आबांनी तिला लाल चिंधी बांधली तर बाईंनी त्यांना चोर म्हणून हाकललं. आठवड्याने बाईंच्या पांढऱ्याशुभ्र कुत्र्याने, प्रिन्सने, त्या कुंडीतलं पान चावलं. जीभ सुजून तोंडात मावेना, लाळेची नुसती धार. मग बाई आबांच्या दारात! आबांनी पाण्याने त्याचं तोंड धुतलं आणि शांतपणे म्हणाले, "बाईसायेब, फाटक बंद असताना गाडी घातली की असंच हुतं."

पण खरी गंमत आमच्या कण्हेरीने केली. रस्त्याच्या कडेचं झाड, त्याला लाल चिंधी. वरच्या वाडीतून बाजाराला जाणाऱ्या बायकांना वाटलं, कुणीतरी नवस बोललंय. एकीने चिंधी बांधली. तिची हरवलेली म्हैस दुसऱ्या दिवशी घरी आली. झालं! महिन्याभरात कण्हेर चिंध्यांनी झाकून गेली. बुंध्याला हळदकुंकू, खाली नारळ, बांगड्या, मंगळवारी दहीभाताचा निवद.

आबा रस्त्यात उभे राहून घसा फोडत. "अगं बायांनो, द्येव न्हाई, इख हाय त्ये!"

एका म्हातारीने पुन्हा हात जोडले. "आसंल बाबा. कडक द्येव दिसतोय."

आबा माझ्या ओट्यावर येऊन मटकन बसले. "मास्तर, लाल दावला तर गाडी थांबती. हितं म्या लाल दावला आन् स्टेशनच झालं की वो!"

मी पोट धरून हसलो. आबा हसले नाहीत. निवदाच्या वासाने गावची कुत्री आणि शेळ्या आता नेमक्या त्याच झाडाखाली जमत होत्या. "तोडा," ते पुन्हा म्हणाले. पण आता तोडणार कोण? जो कुऱ्हाड लावील त्याच्या घरातलं माणूस जाईल, असं वाडीत बोललं जात होतं. हिनेही मला शपथ घातली. आणि खोटं कशाला सांगू, मीही घाबरलो.

पुढच्याच मंगळवारी दुपारी वाघ्या कण्हेरीखाली आडवा दिसला. तोंडातून फेस, पाय झाडत होता, दाताखाली अर्धवट चावलेली फांदी. मी आबांना हाक मारली. आबांनी त्याला उचलून खांद्यावर टाकलं आणि गुरांच्या दवाखान्याकडे असे पळाले की मी मागेच राहिलो.

डॉक्टरांनी सुया टोचल्या. संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसून राहिलो.

"फाटकावर माजी शेळी व्हती. चिंगी," आबा एकदम म्हणाले. "मंडळी गेली, मंग तीच व्हती बोलाया. मोटे सायेब तपासणीला येनार म्हनून चौकीभवतीची कण्हेर म्या छाटली. हिरवागार पाला. वाया कशाला घालवा म्हनून चिंगीला घातला. माज्या हातानं, मास्तर. तिनंबी माजा हात बगून खाल्ला."

दिवेलागणीच्या सुमारास वाघ्याने मान उचलली.

सकाळी कुऱ्हाडीच्या आवाजाने जाग आली. बाहेर वाडीतल्या बायका जमल्या होत्या. "आबा, नगा! घरातलं मानूस जाईल!"

"जाऊ द्या की," आबा घाव घालता घालता म्हणाले. "माज्या घरात हाय कोन?"

बायका दोन पावलं मागे सरकल्या. मला माझीच लाज वाटली. मी पंचा गुंडाळून बाहेर गेलो आणि फांद्या ओढायला लागलो. धूरही वाईट म्हणून आबांनी काही जाळू दिलं नाही. खोल खड्ड्यात सगळं पुरलं.

ही दारात उभी राहून बघत होती. डोळे पुसून खेकसली, "हात साबणाने धुवा दोघंही. आणि आबा, आजपासून जेवायला इथंच यायचं."

जेवणं झाल्यावर हिने भाकरीचा तुकडा दुधात भिजवून आबांच्या हातात दिला. "तुम्हीच घाला त्याला."

आबांनी तुकडा पाटावर ठेवला. हातांचा वास घेतला, मोरीवर जाऊन पुन्हा साबण लावला, पुन्हा वास घेतला. मग वाघ्यापुढे उकिडवे बसले आणि हात पुढे केला. वाघ्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि खाल्लं.