मुकुंदरावांची वरची पिढी

अडुसष्ट वर्षांचा माणूस दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दूध डेअरीसमोर माझ्या पाया पडला, तेव्हा माझ्या हातातली पिशवी खाली पडली. रांगेतले लोक बघायला लागले. मी सत्तेचाळिशीचा, पोट सुटलेला, आदल्या दिवशीच बायकोशी उगाच खोटं बोललेला माणूस. कुणी पाया पडावं असं माझ्यात काही नाही.

"मुकुंदराव, अहो हे काय करताय?"

"नमस्कार करतोय, मामा. रात्री नातं लागलं. माझ्या आईचे पणजोबा आणि तुमचे पणजोबा सख्खे भाऊ. म्हंजे तुम्ही माझे मामा."

"पण वय..."

"वय गेलं चुलीत. पिढी मोजा."

मुकुंदराव पडेगावला आमच्याच सोसायटीत राहतात. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि माणसं मोजायला लागले. ते कुणाला नाव विचारत नाहीत. मूळ गाव, कुलदैवत आणि आजोळ विचारून डोळे मिटतात, ओठ हलतात, आणि डोळे उघडतात तेव्हा समोरचा त्यांचा कुणीतरी झालेला असतो. सोसायटीचे सचिव त्यांचे मेहुणे लागतात. सचिव एकदा पाण्याच्या टाकीवरून तावातावानं भांडायला आले, तर हे हात जोडून म्हणाले, "बोला, मेहुण्यांचा मान आहे." सचिव चहा पिऊन परत गेले.

त्यांच्याच नादानं मीही आमच्या घराण्यावर ब्लॉग लिहू लागलो. त्यांचा ब्लॉग मी नियमित वाचतो असं सांगतो. खरं म्हणजे शेवटचा परिच्छेद वाचून 'छान' असं लिहितो, आणि नंतर दिवसभर मला खात राहतं.

यंदा थंडीत शहरात घराण्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांचं संमेलन भरलं. मुकुंदरावांनी त्यासाठी नवा शर्ट शिवला.

"मामा, तिथं मला वरच्या पिढीचं एक तरी माणूस सापडलं पाहिजे. आमच्यात आता सगळ्यात वर मीच."

"मी आहे की. मामा म्हणता ना?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "आहात. पण तुमच्यानं नाय व्हायचं."

मला वाटलं, 'छान'चं बिंग फुटलं.

संमेलनाला आलेले सगळे वर्षानुवर्षं एकमेकांचे ब्लॉग वाचणारे. एकमेकांचे खापरपणजोबा पाठ, पण चेहरा कुणी कुणाचा पाहिलेला नाही.

"तुम्हीच का ते, प्लेगात बैलगाडीतून पळालेले?" एकानं मला दारातच विचारलं.

"ते आमचे पणजोबा."

"तरीच. मला वाटलं, तुम्ही बरेच टिकलात."

मुकुंदरावांनी शर्टाच्या बाह्या सारल्या आणि कामाला लागले. दुपारपर्यंत त्यांना एक जावई, दोन साडू आणि ढीगभर पुतणे मिळाले. सगळे बरोबरीचे, नाहीतर खालचे. खुलताबादच्या शेख सरांशी नातं लागेना. सर आपल्या घराण्याचा शजरा, म्हणजे वंशावळ, भिंतीवर लावून उभे होते. मुकुंदराव त्यांच्यासमोर डोळे मिटून बराच वेळ थांबले. शेवटी निघालं, की दोघांचे आजोबा एकाच उस्तादाकडे फारसी शिकले.

"म्हंजे गुरुबंधू. म्हंजे आपण भाऊ. च्यायला, पुन्हा बरोबरीचेच."

"भाईजान," शेख सर म्हणाले, "इतका चेहरा पाडताय, तर मी नको होतो का?"

मुकुंदरावांनी घाईघाईनं त्यांना मिठी मारली.

जेवणाच्या रांगेत आमच्यापुढे बिडकीनची ऋतुजा होती. तिकडच्याच एका कारखान्यात इंजिनिअर, वय सव्वीस. आपल्या घराण्यातल्या बायकांवर ती ब्लॉग लिहिते. "काका, तुमचा ब्लॉग मी पूर्ण वाचते हं," ती मुकुंदरावांना म्हणाली. मी ताटाकडे बघितलं.

मुकुंदरावांनी आपले तीन प्रश्न विचारले, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांच्या हातातला डाव वरणात बुडाला.

"तुमचे पणजोबा ते आमचे खापरपणजोबा. आम्ही थोरल्या बायकोचे, तुम्ही धाकटीचे. म्हंजे तुम्ही माझ्या आत्या."

आणि भर रांगेत ते वाकले. मला हसू फुटलं. ऋतुजा दोन पावलं मागं सरली.

"काका, उठा ना. लोक बघतायत."

"काका नाय. भाचा. घरात मला गुंड्या म्हणायचे."

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. माझं हसू थांबलं. मुकुंदराव पुढं सरकले, त्यांनी एक जिलबी घेतली, दुसरी घेतली आणि तिसरीला हात घातला.

"अरे गुंड्या," मागून आवाज आला, "शुगर आहे ना तुला? ब्लॉगवर तूच लिहिलंयस. ठेव ती."

मुकुंदरावांनी जिलबी परत ठेवली. "व्हय आत्या," ते म्हणाले. इतका खूश माणूस मी जिलबी खातानासुद्धा पाहिलेला नाही.

परतताना त्यांच्या स्कूटरवर मी मागं बसलो होतो. त्यांनी छावणी ओलांडली. मग वाऱ्यात ओरडून म्हणाले, "आमची अक्का गेली ना मामा, तेव्हापासून कुणी 'अरे' म्हटलं नव्हतं. घरात 'अहो', बाहेर 'साहेब'. परवा तर बँकेतल्या पोरीनं 'आजोबा' म्हटलं. लई एकटं वाटतं हो वर."

दोन वर्षं हा माणूस मला मामा म्हणत होता, भेटेल तिथं वाकत होता, आणि मी दर वेळी पाय मागं घेऊन 'अहो मुकुंदराव' करत होतो. तुमच्यानं नाय व्हायचं, असं का म्हणाले ते मला आत्ता कळलं.

सोसायटीच्या फाटकापाशी त्यांनी मला उतरवलं. "येतो मामा," म्हणाले.

मी दोनदा खाकरलो.

"गुंड्या," मी म्हणालो, "उद्या सकाळी चहाला ये. आणि गाडी हळू चालवत जा जरा."

त्यांनी मान हलवली आणि स्कूटर ढकलत आपल्या इमारतीकडे गेले. थोड्या वेळानं वरच्या मजल्यावरून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, घरात तरी हेल्मेट काढा. आणि हसताय काय एवढं?"