यंदा वाचायचंच

माणसानं मनात आणलं तर वर्षात बावन्न पुस्तकं आरामात वाचून होतात. आठवड्याला एक. आणि मी काही अडाणी माणूस न्हाई. गेली चोवीस वर्षं भोकरदनच्या बसस्थानकावर माइकसमोर बसून गाड्यांची नावं वाचून दाखवतोय, आणि एवढ्या वर्षांत जालन्याच्या माणसाला मी चुकूनसुद्धा सिल्लोडला पाठवलेलं न्हाई. ज्याला पुसून पुसून खडूनं लिहिलेला फळा वाचता येतो, त्याला छापील पुस्तक काय अवघड?

झालं असं, की आमची प्रियदर्शनी संभाजीनगरला कॉलेजात शिकते. डिसेंबरच्या शेवटी ती घरी आल्ती. जेवताना तिनं सहज विचारलं, बाबा, तुम्ही शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं? मी अख्खी एक भाकरी संपेपर्यंत विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की मिक्सरसोबत आलेलं माहितीचं पुस्तक. त्यावर माझी बायको दैवशाला तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "तेबी मीच वाचलं. ह्यांनी नुसता मिक्सर धरून ठेवल्ता."

पोरगी हसून हसून पाणी प्यायला उठली. माझ्या मात्र ते काळजाला लागलं. दुसऱ्याच दिवशी मी जालन्याला गेलो. आधी डोळ्याच्या डॉक्टरला गाठलं, कारण लढाईला निघायचं तर हत्यार नीट पाहिजे. डॉक्टरनं तपासून सांगितलं की डावी बाजू बरीच कमजोर झाली आहे, उजवीवर सगळं चालू आहे. चष्मा घेतला. मंग तिथंच एका मंगल कार्यालयात पुस्तकांचं प्रदर्शन लागल्तं, तिथून बारा पुस्तकं निवडली. निवडली म्हणजे, ज्यांचं वरचं चित्र आवडलं ती घेतली. दुकानदारानं सुतळीनं बांधून दिली. तो गठ्ठा मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो तेव्हा मला स्वतःबद्दल जो आदर वाटला, तो लग्नात नवरदेव असतानासुद्धा वाटला नव्हता.

एक जानेवारीपासून चार दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं, वैयक्तिक. सकाळी सहाला उठून अंघोळ केली आणि मोबाइलवर स्टेटस ठेवलं. ते मी शब्द न् शब्द सांगतो, कारण पुढं जे रामायण झालं ते त्याच्यामुळं झालं:

"यंदा वाचायचंच, असा निर्धार केला आहे. किती जमेल, सांगता येत नाही. घरच्यांची साथ आहे. आपले आशीर्वाद असू द्या."

मंग मोबाइल बंद करून ज्वारीच्या डब्यात ठेवला, म्हणजे लक्ष विचलित व्हायला नको. दैवशालाला बजावलं की कोणी आलं, कोणाचा फोन आला, तरी मला उठवायचं न्हाई. थंडी मरणाची होती, म्हणून पलंगावर पडलो, दोन गोधड्या अंगावर घेतल्या आणि पहिलं पुस्तक उघडलं.

आता तुम्ही मला सांगा, ह्यात माझं काय चुकलं?

मला ओळखणाऱ्या माणसांनी ते स्टेटस पाहिलं. राधेश्याम, म्हणजे मी, आणि पुस्तक ह्यांचा संबंध त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला न्हाई. "वाचायचंच" म्हटल्यावर त्यांनी जो अर्थ लागतो तो लावला, की माणूस जगण्या-मरण्याच्या दारात उभा आहे. त्यात आमचा कंडक्टर वसंता. त्यानं मला जालन्याच्या दवाखान्यातून हातात फाइल घेऊन निघताना पाहिल्तं. ते त्यानं डेपोत सांगितलं. कोणीतरी रजेचा अर्ज काढून बघितला. कारण वैयक्तिक. झालं, सगळ्यांची खात्री पटली. फोन लावला तर माझा मोबाइल बंद.

माझी थोरली बहीण उषाबाई अंबडला असते. तिनं दैवशालाला फोन केला. दैवशाला बिचारी खरं तेच बोलली. ते पडून आहेत, कोणाशी बोलत न्हाईत, भेटायचं न्हाई म्हणलेत. अक्कानं भीतभीत विचारलं, किती दिवस? तर बायको म्हणाली, "मला तर आठवड्याच्या पुढं आशा न्हाई, अक्का. पण त्यांच्या मनाला उभारी हाय, तर आपण कशाला मोडता घालावा."

अक्का अंबडहून जालना आणि जालन्याहून भोकरदन अशा दोन गाड्या बदलून दुपारी दोनला आमच्या दारात उतरली. त्या वेळी मी अकराव्या पानावर होतो. म्हणजे पुस्तक अकराव्या पानावर होतं आणि तोंडावर पालथं होतं, आणि त्याच्याखाली मी गाढ झोपलो होतो. अक्कानं दारातून पाहिलं. गोधडी गळ्यापर्यंत, तोंड झाकलेलं, हालचाल न्हाई. तिनं जो टाहो फोडला तो ऐकून आमच्या गल्लीतलं कुत्रं, जे पोलिसांच्या गाडीला भीत न्हाई, ते घराच्या मागं पळालं. मी ताडकन उठून बसलो. तेव्हा ती दुसऱ्यांदा ओरडली, आणि हे पहिल्यापेक्षा मोठं होतं.

गल्ली जमा झाली. अक्का माझं डोकं मांडीवर घेऊन विचारायला लागली, की डॉक्टर काय म्हणाले ते खरं सांग. मी झोपेत होतो. खरं तेच सांगितलं, की डावी बाजू कमजोर झाली आहे. दारातल्या चार बायांनी पदर तोंडाला लावला. मी गडबडून म्हणालो, अक्का, तसं काही न्हाई, मला फक्त पुस्तकं वाचायचीत.

हे ऐकून ती थोडी शांत होईल असं मला वाटलं. ती माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "आपल्या अण्णांनीबी शेवटी पोथीच मागितल्ती रे, राधू."

त्यानंतर समजावण्याचा काही उपयोग नव्हता. मी जितकं बोलायचो, तितकं लोक म्हणायचे, जास्त बोलू देऊ नका त्यांना. चार वाजेपर्यंत घरात मोसंबीचा ढीग लागला. आमच्या भागात आजारी माणसाकडं जायचं तर मोसंबीशिवाय कोणी जात न्हाई, आणि ढीग एवढा झाला की नवीन येणाऱ्यांना बसायला जागा उरली न्हाई. दैवशाला प्रत्येकाला सांगून राह्यली होती की ह्यांना काही झालेलं न्हाई. लोक तिच्याकडं पाहून हळहळायचे, बाईनं मनाला किती घट्ट केलंय म्हणायचे.

मी ठरवलं, आता बाहेर जाऊन उभं राहायचं, दोन उड्या मारून दाखवायच्या आणि विषय संपवायचा. गोधडी बाजूला केली, पाय खाली सोडले, आणि अंगणात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ एक खोकला. तो खोकला मी तीन वर्षांत ऐकला नव्हता.

फकरोद्दीन आल्ता.

फकरू हसनाबादचा शिंपी. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. माझ्या अंगावरचा प्रत्येक कपडा त्यानं शिवलेला. तीन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नासाठी त्यानं मला सफारी शिवून दिला, तो आखूड झाला. मी भर मांडवात शंभर माणसांसमोर म्हणालो, की हा सफारी आहे का बनियन? तो म्हणाला, कापड आखूड न्हाई, तू फुगला. मंग मी बोललो, तो बोलला, आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं न्हाई. हसनाबादची गाडी पुकारताना रोज माझा आवाज थोडा जड व्हायचा, पण ते मी कोणाला सांगितलं न्हाई.

मी पाय परत वर घेतले. गोधडी ओढली. खरं सांगतो, त्या वेळी मी डोळेसुद्धा मिटले.

तो पायथ्याशी बसला. मंग म्हणाला, "राध्या, सफारी आखूडच झाल्ता. माप बराबर घेतल्तं मी. कापताना ध्यान न्हवतं. तवाच बोलायला पायजे होतं, पण तू शंभर मानसांत बोलला, मंग मला बोलता आलं न्हाई."

मी म्हणालो, "मी तसं बोलायला नको होतं, फकरू."

त्यानं माझा हात हातात घेतला. आता मला सांगा, अशा वेळी मी त्याला कसं सांगणार होतो, की बाबा, मी ठणठणीत आहे आणि पुस्तक वाचता वाचता झोपलो होतो? तीन वर्षांनी मित्र परत मिळाला होता. तो आजारी माणसासाठी आला होता. धडधाकट माणसाला तो पुन्हा टाकून गेला तर? मी आवाज जरा बारीक करून पाणी मागितलं.

फकरूनं डोळे पुसले आणि म्हणाला की दवाखान्यात घालायला सैल कुडता लागतो, ते लोक देतात तो अंगाला टोचतो, मी रात्रीतून शिवतो. गळ्यातला टेप काढला. मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं मला बसतं केलं, गोधडीखालून हात घातला आणि कमरेला टेप लावला.

टेप बघून तो थांबला. परत लावला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा लावला.

"शेहेचाळीस," तो म्हणाला. "तीन सालाआधी बेचाळीस होती. मला पक्की याद हाय." मंग त्यानं माझ्याकडं वर पाहिलं. "कोन्त्या बिमारीत कंबर चार इंच वाढती, राध्या?"

अक्का रडायची थांबली. उशीखालून पुस्तकाचा कोपरा बाहेर आल्ता. मी तो ओढला, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मिक्सरपासून.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं, उठली, पिशवीत दोन डझन मोसंबी भरली आणि म्हणाली, "धड हायस ना? मंग ऊठ अन् मला जालन्याच्या गाडीत बसवून दे." बाहेरची माणसं एकेक करून निघून गेली. एवढ्या लांबून येऊन माणूस बरा निघाल्याचा राग त्यांच्या चालण्यात दिसत होता.

फकरू उठला. टेप गळ्यात अडकवला, चप्पल घातली. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. गेला, आता आयुष्यभरासाठी गेला. तेवढ्यात मोटारसायकल बंद झाली. तो आत आला आणि माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.

"ह्याच्यापायी मी पानी न पिता हसनाबादहून आलो," तो म्हणाला. "एवढं काय हाय ह्याच्यात, ते तरी बघतो."

पुढच्या ऐतवारी तो पुस्तक परत करायला आला. पूर्ण वाचून. दुसरं घेऊन गेला. त्याच्या पुढच्या ऐतवारी तिसरं. घरी सगळे उर्दूत बोलतात, पण शाळा आमची मराठीच, आणि मशीनवर बसून बसून त्याला एका जागी तास न् तास बसायची सवय. मार्च संपेपर्यंत त्याची नऊ झाली. आता त्याची बायको, रहिमुन्निसा भाभीही दुपारची वाचतात म्हणे. सगळ्यांत वाईट म्हणजे, त्याला वाचून झालेल्या पुस्तकावर बोलायला माणूस लागतो, आणि तो माणूस मी आहे. मी मान हलवत, बराबर, बिलकुल, असं म्हणत महिने काढले.

मागच्या आठवड्यात त्यानं एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, हे तू वाच, ऐतवारी बोलू. मी ती रोज उशाशी घेऊन झोपलो. आज ऐतवार. तो आला, बसला, विचारलं, वाचलं? मी म्हणालो, वाचलं की. नुसतं तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "शेवट असा लागला मनाला, की दोन दिवस जेवण गेलं न्हाई."

फकरूचा चेहरा एकदम उजळला. तो पुढं सरकला.

"तुला कुठून भेटला शेवट? ह्या पुस्तकात मागची सोळा पानं छापलेलीच न्हाईत. बाई दार उघडायला उठती, तिथंच संपतं. आठ दिवस झाले, माझी झोप गेली हाय. सांग लवकर, दारात कोण होतं?"

मी म्हणालो, थांब, चहाचं बघून येतो.

त्याला अर्धा तास झाला. हे सगळं मी तुम्हाला स्वयंपाकघरातूनच सांगून राह्यलो.