उवैस आंबा आणि टर्पेंटाईन

सासऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं, असा एक छोटासा निर्णय मी गेल्या ऑगस्टमध्ये घेतला. लग्न झालेल्या माणसाने असले निर्णय बायकोला विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मी इजिप्तमधल्या इस्माइलियात आंब्याच्या रसाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. आंब्याच्या वासात कोणती रसायनं किती, ते शोधायचं. (नाहिद, म्हणजे माझी बायको, म्हणते, "वास घ्यायचा पगार मिळतो, आणि घरात दूध करपलेलं कळत नाही.") सासऱ्यांची, हाजी बदवींची, गावाबाहेर आमराई आहे. तिच्या मधोमध त्यांच्या वडिलांनी लावलेलं उवैस जातीचं झाड. फळ दिसायला ओबडधोबड, पिकलं तरी हिरवंच. पण कापलं की शेजारी काहीतरी निमित्त काढून यायचे.

त्या शुक्रवारी शेहाता नावाचा घाऊक व्यापारी माल बघायला आला होता. जेवणं झाली, फोडी आल्या. सासरे अभिमानाने म्हणाले, "रिफअत, सांग यांना. आमच्या उवैसचा वास दुसऱ्या आंब्याला का नाही?"

"अल्लाची कृपा," एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. मी म्हणालो, "टर्पीनमुळे, काका. प्रत्येक जातीत त्याचं प्रमाण वेगळं. उवैसमध्ये भरपूर. टर्पेंटाईनचा वास असतो ना, तेच घराणं."

शेहाता चावायचा थांबला. "टर्पेंटाईन? रंगात घालतात ते?"

"तेच! म्हणजे ते नव्हे. त्याचे भाऊबंद."

"परवाच होडी रंगवली मी," तो हातातल्या फोडीकडे बघत म्हणाला. "तरीच म्हटलं, वास ओळखीचा कसा!"

"माझ्या झाडाला शेणखताशिवाय काही घातलेलं नाही!" सासरे ओरडले.

"घालायला कशाला लागतं, काका? झाड स्वतःच बनवतं," मी सावरून घेतलं. (सावरून घेणं हा माझा जुना आजार.) "शिवाय गोडसर वास येतो तो एस्टरचा. नेलपॉलिशलाही एस्टरचाच वास असतो."

"रंग झाला, पॉलिश झालं," नाहिद पुटपुटली. "आता वार्निश तेवढं राहिलं."

"उलट झिबदा आंबा घ्या. टर्पीन कमी, म्हणून पाणचट!"

शेहाताची स्वतःची सगळी बाग झिबदाची होती, हे मला नंतर कळलं. तो उठला, हात धुतले आणि "येईन पुन्हा, इन्शाअल्ला," म्हणून निघून गेला.

पाहता पाहता गावभर झालं, की हाजी बदवी आंब्यांना रंगातलं औषध मारतो. दुसरेही व्यापारी फिरकेनात. फळं पिकून खाली पडू लागली. सासरे सकाळी एकेक फळ उचलायचे, झग्याच्या बाहीला पुसायचे आणि नाकाशी धरायचे. ज्या वासावर जन्मभर जीव टाकला, त्यात म्हातारा आता टर्पेंटाईन शोधत होता.

"मीच निस्तरतो," मी नाहिदला म्हणालो.

"तू काही करू नकोस. तेवढंच कर."

मी ऐकलं नाही. झाडावरून ताजी फळं तोडली, शेहाता बसतो त्या कॉफीच्या दुकानात गेलो, आणि सगळ्यांदेखत सालीसकट खायला लागलो. "बघा! काही होतंय का मला?" लोक टाळ्या वाजवू लागले. शेहाताही विरघळला. "उद्या येतो बागेत," म्हणाला.

(ताज्या तोडलेल्या आंब्याचा चीक अंगावर उठतो. यावर कारखान्यात मी स्वतः भाषण दिलेलं आहे.)

सकाळी माझे ओठ वांग्याएवढे झाले होते. शेहाता फाटकापर्यंत आला, माझं तोंड बघितलं, "अल्ला बरं करो," म्हणाला आणि आल्या पावली परतला.

दुपारी करवत घेऊन माणसं आली. झाडाचा माथा उतरवायचा आणि खोडावर झिबदाची कलमं बांधायची, असं सासऱ्यांनी ठरवलं होतं. मी धावलो. "नको! तोडू नका!" असं मला ओरडायचं होतं. त्या ओठांतून बाहेर पडलं, "होऽ… होऽ…"

"बघा, जावईही हो म्हणतोय," सासरे म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

पहिली फांदी पडली तेव्हा बागभर तो वास पसरला. मी तिथेच खाली बसलो. नाहिद आली आणि माझ्या ओठांना मलम लावू लागली. तिने एक टोमणासुद्धा मारला नाही. ते सगळ्यात वाईट होतं.

सासऱ्यांनी मनात काही ठेवलेलं नाही. आजही फळांचं ताट आधी माझ्यापुढे येतं. फक्त पाहुणे आले, की ते घाईघाईने ओळख करून देतात, "हे आमचे जावई. पोस्टात असतात." मी मान डोलावतो. परवा एका पाहुण्याने हरवलेल्या पार्सलवरून मला चांगलंच फैलावर घेतलं.

मी उभा राहून माफी मागितली.