गणपतभाऊचा गुडघा

गणपतभाऊ दूध आणायला उलटा चालत जायचा. हातात किटली, तोंड आमच्या क्वार्टरकडे आणि पाय दुधाच्या गाडीकडे. त्यामुळे माणूस मागे पडल्यावरच त्याला दिसे. मग लांबून ओरडायचा, "रामराम काका, दिसले नाही तुमी!"

कोराडीची कॉलनी तेव्हा नवी होती. गणपतभाऊ शेजारी एकटाच राहायचा. कागदोपत्री स्टोअरमधला कारकून, पण नोकरी लागली होती फुटबॉलवर. वीज केंद्राच्या टीममध्ये तो बॅकवर खेळायचा. बॉल घेऊन येणाऱ्याला अडवायचं, एवढंच काम. "गडी आंगावर येऊन राहिला, तं त्याच्याकडे पाहत मांगं सरकाचं. पाठ दाखवली का मेलो." त्याचा सराव म्हणून ही दुधाची वारी उलटी.

मी वीस वर्षांची, नवी नवरी, आणि मॅट्रिक पास असल्यामुळे सर्वज्ञ. दोन मॅच पाहून त्याला झापलं, "भाऊजी, नुसते उभे काय राहता? एखादा गोल मारा ना!"

"वहिनी, गोल मारनाऱ्याचा फोटू पेपरात येते. माहा आला, तं समजाचं का आपल्यावर गोल झाला अन् मी खाली पडलो."

हिवाळ्यात त्याचा उजवा गुडघा सुजला. मी तव्यावर मिठाची पुरचुंडी गरम करून द्यायची, तो भिंतीला टेकून शेकत बसायचा. "कोनाले सांगू नका, वहिनी. साहेबाले समजलं तं टीममधून नाव कटन. मले दुसरं येते काय?"

मी शपथ घेतली. ती संक्रांतीपर्यंत टिकली.

हळदीकुंकवाला टीम निवडणाऱ्या साहेबांची बायकोही आली होती. गप्पा दुखण्यांवर घसरल्या. कोणाची कंबर, कोणाच्या सासूची मूळव्याध. आमच्या घरात मेली साधी सर्दीही नव्हती. मग मी मागे कशी राहू? "आमच्या गणपतभाऊजींचा गुडघा पाहा, बेलफळाएवढा! तरी खेळतात बिचारे!" वर दोन्ही हातांनी माप दाखवलं.

साहेबीणबाई वाण घेऊन घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी बोर्डावर टीम लागली. तीत गणपतभाऊ नव्हता.

आमचे हे भडकले. गणपतभाऊला समोर बसवून विचारलं, "कोनं सांगतलं गा साहेबाले? नाव सांग फक्त!" मी दाराआड वाटाणे सोलत होते, दाणे कचऱ्यात आणि सालं पातेल्यात टाकत होते.

"मीच सांगतलं, बापा," गणपतभाऊ म्हणाला. "पाय नाही चालून राहिला."

संध्याकाळी भरीत-भाकर घेऊन त्याच्याकडे गेले. एक खाट, एक स्टोव्ह, खिळ्याला टांगलेले बूट. तोंड उघडलं तर रडूच आलं. "भाऊजी, मी..."

"माहीत हाय, वहिनी."

त्यानं एकदा बुटांकडे पाहिलं. मग ताट जवळ ओढलं. "माय गेल्यापासून माह्या दुखन्याची गोष्ट चार लोकांत कोनी काहाडली नव्हती."

घास हातात धरून त्यानं विचारलं, "मंग? बाया काय म्हने? हळहळल्या का जराशा?"

खरं म्हणजे माझं वाक्य संपायच्या आत पलीकडचीनं आपल्या दाढेचं रामायण सुरू केलं होतं.

"अहो, केवढ्या!" मी म्हणाले, आणि एकेकीचं नाव घेऊन सांगत गेले, कोण किती हळहळली ते. त्यानं आणखी एक भाकर मागून घेतली.