पंचावन्नच्या वर

उद्या सायलीचा दहावीचा बीजगणिताचा पेपर आणि शेजारच्या लॉन्समध्ये सकाळपासून हळदीचा डीजे! तिचे वडील नवनाथराव यांनी ठरवलं, आज तक्रार करायची नाही. आज आवाज मोजायचा. (तक्रारी त्यांनी आधी तीन केल्या होत्या. तिन्ही वेळा बुंदी खाऊन परत आले होते.)

सातपूरच्या कारखान्यातल्या मित्राकडून त्यांनी डेसिबल मोजायचं यंत्र आणलं आणि थेट स्पीकरच्या तोंडाशी धरलं. एकशे आठ!

लॉन्सचे मॅनेजर सहादूभाऊ हसले. "साहेब, स्पीकरमधी डोकं घालून कोन अभ्यास करतं? तुमच्या घरापाशी मोजा. कायद्यातल्या पंचावन्नच्या वर गेलं, तर मीच बंद करतो. शब्द!"

घरी सायलीनं यंत्राचं माहितीपत्रक वाचलं. "बाबा, भिंतीपासून लांब उभं राहायचं. यंत्र छातीच्या उंचीवर, स्टँडला लावून. दहा मिनिटं. आणि बोलायचं नाही हं, नाहीतर तुमचाच आवाज मोजला जाईल."

सायलीच्या आई शुभांगीताईंनी कपडे वाळत घालायचा स्टँड दिला. त्याला दोन चिमट्यांनी यंत्र लावून नवनाथराव अंगणात उभे राहिले. श्वाससुद्धा जपून घेत होते.

कुंपणापलीकडच्या वऱ्हाडाला दिसला तो यंत्राच्या टोकाचा काळा स्पंजचा गोळा आणि मागे एक गंभीर माणूस. लगेच माईकवरून पुकारा झाला, "चॅनेलचे साहेब आलेले आहेत! नवरदेवाच्या मामांनी त्यांचा सत्कार करावा!"

मामा टोपी, शाल, नारळ घेऊन आलेच. सातवं मिनिट चालू होतं. नवनाथरावांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.

मामांना वाटलं, थेट प्रक्षेपण चालू आहे. त्यांनी आवाज न करता टोपी घातली, शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि चवड्यांवर चालत परत गेले.

दहा मिनिटांची सरासरी आली ब्याऐंशी! सहादूभाऊंनी अंगणात येऊन दोनदा डोळे चोळून आकडा पाहिला. डीजे थांबवून पुन्हा मोजलं, तर बावन्न.

"शब्द म्हंजे शब्द," म्हणत त्यांनी स्वतःच वायर काढली. समोरच्या सोसायटीच्या गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या.

नवनाथराव टोपी-शालीसकट सायलीच्या खोलीत गेले. पलंगावर बसून त्यांनी सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. मग मामांचं चालणं करून दाखवलं. मग, सायलीला नीट कळलं नसेल म्हणून, पुन्हा पहिल्यापासून.

सायलीनं पेन खाली ठेवलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "डीजे चालू होता ना, तेव्हा तुमचं बोलणं ऐकू येत नव्हतं."