डॉक्टरांचे बॅटरीवरचे गिअर

"आत्ताच्या गिअरला काय झालंय?" बायकोने विचारलं.

"काही झालेलं नाही," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"मग?"

डॉक्टर नुसतेच घास चावत राहिले. घोडं अडलं होतं ते इथेच. त्यांच्या वाकड्या हँडलच्या, शर्यतीच्या सायकलीला तारेवर चालणारे साधे गिअर होते आणि ते बिचारे कधी अडकले नव्हते, कधी कुरकुरले नव्हते. एकदा जरी त्यांनी दगा दिला असता, तरी बॅटरीवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गिअरची सायकल मागायला डॉक्टरांना तोंड उरलं असतं. लोकांची दाढ ठेवायची की काढायची हे एका नजरेत सांगणारा हा माणूस गेला उन्हाळाभर या एका प्रश्नावर झुरत होता. इंटरनेटवरच्या निम्म्या जाणकारांनी सांगितलं होतं की इलेक्ट्रॉनिक गिअर एकदा वापरले की तारेचे गिअर म्हणजे शिक्षा. उरलेल्या निम्म्यांच्या मते हे नुसते नखरे होते. डॉक्टरांना पहिल्यांचं पटत होतं. बायको शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिने दोन्ही बाजूंची वजाबाकी करून शून्य काढलं होतं.

"नुसतं बटणावर बोट टेकवायचं," डॉक्टर म्हणाले. "तारेच्या गिअरला दांडी ढकलावी लागते."

"किती ढकलावी लागते?"

डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर धरून दाखवलं. ते फारच कमी दिसलं, म्हणून हळूच थोडं वाढवलं.

तोडगा निघाला तो मेहुण्यामुळे. बायकोचा हा धाकटा भाऊ बाजारात आलेली प्रत्येक नवी वस्तू सगळ्यांच्या आधी घ्यायचा आणि त्याच्याकडे नेमकी तशी सायकल होती. ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर परगावी जाताना तो ती डॉक्टरांकडे ठेवायला आला.

"वापरून बघा, भावोजी. सायकल हलली की गिअर आपोआप जागे होतात आणि ठेवून दिली की झोपतात. पुढच्या गिअरला एक बॅटरी, मागच्याला एक. दोन्ही भरलेल्या आहेत, महिनाभर बघायला नको."

"बघ," डॉक्टर बायकोला म्हणाले. "झोपतातसुद्धा."

"तुमच्यापेक्षा शहाणे आहेत मग," बायको म्हणाली. "आता एकदाच काय ते ठरवून टाकू. रविवारी तुमचा ग्रुप पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर जातो ना? या सायकलवरून कप्तानांच्या आधी वर पोचलात, तर घ्या तुम्ही असली सायकल. मी एक शब्द बोलणार नाही. नाही पोचलात, तर हा विषय या टेबलावर परत काढायचा नाही."

कप्तान म्हणजे ग्रुपचे पुढारी, बँकेतून निवृत्त झालेले एक काटक गृहस्थ. टेकडीवर डॉक्टरांनी आजवर त्यांची फक्त पाठ पाहिली होती.

"आणि मी स्वतः येणार बघायला," बायको म्हणाली. "तुमच्या सायकलवरून."

दोघांची उंची सारखीच होती. लग्नाच्या फोटोत ती चपला काढून उभी राहिली होती, एवढंच. त्यामुळे डॉक्टरांना नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कंबर कसली. रोज सकाळी सराव, मग सायकल मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनला टेकवून ठेवायची आणि घामाचे कपडे लगेच मशीनमध्ये टाकायचे. मशीन जुनं होतं. कपडे पिळायला लागलं की ते असं थरथरायचं की बाल्कनीतल्या कुंड्यासुद्धा जागा सोडायच्या.

"एका चड्डीसाठी अख्खं मशीन लावता?" बायको विचारायची.

"सरावाचे कपडे आहेत," डॉक्टर गंभीरपणे म्हणायचे आणि दुसऱ्यांदा पिळायचं बटण दाबायचे. सायकल बिचारी मशीनच्या खांद्याला खांदा लावून हलत राहायची.

आठवडा मध्यावर आला तेव्हा गिअरवरचा इवलासा हिरवा दिवा लाल झाला. डॉक्टर खूश झाले. त्यांच्या दवाखान्यात अवजारं निर्जंतुक करायचं एक यंत्र होतं. त्याच्यावर लाल दिवा म्हणजे काम व्यवस्थित चालू आहे आणि हिरवा म्हणजे काम संपलं. लाल दिवा दिसला की निर्धास्त व्हायचं, ही त्यांची इतक्या वर्षांची सवय. इथेही ते निर्धास्त झाले.

रविवारी सकाळी सपाट रस्त्यावर डॉक्टरांनी कमाल केली. सगळ्यात जड गिअर टाकून ते सुसाट निघाले आणि जन्मात पहिल्यांदा कप्तानांना मागे टाकलं. जाता जाता "नुसतं बोट टेकवायचं" हेही सांगून झालं. बायको सगळ्यात मागे, आपल्याच नादात येत होती. टेकडीचा चढ सुरू झाला तसं डॉक्टरांनी हलक्या गिअरसाठी बटण दाबलं.

काही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, जोरात दाबलं, दोन्ही हातांनी दाबलं. गिअर ढिम्म. सगळ्यात जड गिअरवर चढ चढणं म्हणजे अक्कलदाढ बोटांनी उपटण्यासारखंच. डॉक्टर रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी गेले, मग आणखी हळू गेले आणि शेवटी उतरून मेहुण्याला फोन लावला.

"लाल दिवा दिसतोय का, भावोजी?"

"बुधवारपासून छान लाल आहे."

"लाल म्हणजे बॅटरी संपत आली," मेहुणा सावकाश म्हणाला. "पण घाबरू नका. दोन्ही बॅटऱ्या एकसारख्याच असतात. पुढची काढून मागे लावा."

डॉक्टरांनी पुढची काढून मागे लावली. तीही संपली होती.

"असं कसं होईल? सायकल ठेवता कुठे?"

"मागच्या बाल्कनीत."

"तिथे काही हलतं का?"

"काय हलणार? वॉशिंग मशीन आहे फक्त."

"अहो, मग गिअर आठवडाभर झोपलेच नाहीत की, भावोजी," मेहुणा कळवळून म्हणाला.

तेवढ्यात बायको चढावर सगळ्यांना मागे टाकत तिथे येऊन पोचली. "काय झालं?"

"काही नाही. गिअरचा अंदाज घेतोय."

"मी पुढे जाऊ? थांबले तर पाय भरून येतील."

"जा, जा," डॉक्टर म्हणाले आणि ती टक टक गिअर टाकत वळणाआड गेली.

तिच्यामागून आलेले कप्तान मात्र थांबले. कुणाला वाटेत सोडून जायचं नाही हा त्यांचा नियम होता आणि ते थांबले म्हणून बाकीचेही थांबले. सगळे डॉक्टरांभोवती कोंडाळं करून उभे राहिले. बॅटरी वॉशिंग मशीनने संपवली हे सांगण्यापेक्षा डॉक्टरांना टेकडीवरून उडी मारणं सोपं वाटलं. पण काहीतरी सांगणं भाग होतं.

"मी मुद्दामच उतरलो," ते म्हणाले. "आठवडाभर वापरून माझं मत पक्कं झालं. हे सगळं थोतांड आहे. सायकलला चार्जर लागायला लागला तर मग मोटारसायकल काय वाईट? तार ती तार. ती कधी संपते का?"

"अगदी मनातलं बोललात," कप्तान म्हणाले. ते जुन्या वळणाचे होते. बाकीच्यांनीही माना डोलावल्या आणि डॉक्टरांना चेव आला.

"माझ्या घरात बॅटरीची सायकल येणार नाही. कुणी फुकट दिली तरी नाही. शपथ घेतो तुम्हा सगळ्यांसमोर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कप्तान स्वतःची सायकल हातात धरून डॉक्टरांच्या सोबतीने चालत वर निघाले. ही माणुसकी डॉक्टरांना अजिबात नको होती.

टाकीच्या कठड्यावर बायको बसली होती. हेल्मेट तिरकं झालेलं, चेहरा लालबुंद, आणि ती इतकी मोकळी हसत होती की डॉक्टर क्षणभर गिअर, बॅटरी सगळं विसरले. अशी हसताना त्यांनी तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि त्यांना मनापासून बरं वाटलं.

"अहो, काय सायकल आहे ही," ती म्हणाली. "टक्कन गिअर पडतो, चढ कळतसुद्धा नाही. ही आता माझी. परत मागायची नाही."

"मग मी काय चालवू?"

"तुम्ही घ्या ना ती बॅटरीवाली. कप्तानांच्या आधी वर पोचायचं ठरलं होतं. घरातलं एक माणूस पोचलं की. मी शब्द फिरवत नाही. उद्याच जाऊन आणू."

डॉक्टरांचा कानांवर विश्वास बसेना. उन्हाळाभर मागितलेलं, आठवडाभर सराव करून घालवलेलं सगळं आपल्या पायांनी चालत आलं होतं. आता नुसतं हो म्हणायचं बाकी होतं.

"छे, छे, वहिनी," कप्तान अभिमानाने म्हणाले. "डॉक्टर तसली सायकल फुकट दिली तरी घेणार नाहीत. आत्ताच खाली सगळ्यांदेखत शपथ घेतली त्यांनी. असा ठाम विचारांचा माणूस मी पाहिला नाही."

"असं म्हणाले हे?" बायको कौतुकाने नवऱ्याकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांत एवढं कौतुक लग्नापासून आजवर दिसलं नव्हतं. "अहो, खरंच?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्या पेशंटांचं रोज जे होतं तेच आज त्यांचं झालं. तोंड पुरतं उघडं होतं आणि बोलता काहीच येत नव्हतं.