पळसदरीचा राब आणि बंबअण्णा

दत्तोबा रेळेकर तुमच्या घरी आले, की आधी तुमच्या चुलीला भेटत. यजमान ओटीवर "या, बसा" म्हणत उभा, आणि हे चपला काढून थेट स्वयंपाकघरात. राखेत बोट घालायचे, सरपण मागे ढकलायचे, फळीवरचा रॉकेलचा डबा खाली उतरवायचे आणि मग घरच्या बाईला नमस्कार करायचे. कर्जतच्या बाजारपेठेतल्या बायकांनी त्यांना किती शिव्या घातल्या असतील! त्यांचं उत्तर एकच. "आग काय विचारून लागते?"

गाव त्यांना बंबअण्णा म्हणे. धंद्यानं शिंपी, मूळचे घाटावरचे. तरुणपणी मुंबईत ज्या दुकानात कामाला होते, तिथं बंबवाल्यांचे कोट शिवायला येत. त्या कोटांना बटणं लावता लावता अण्णांच्या अंगात बंब शिरला तो शिरलाच. कर्जतला स्वतःचं दुकान थाटल्यावर त्यांनी आग विझवणाऱ्यांची मंडळी काढली. मी शाळामास्तर आणि शेजारी, म्हणून पळून जायला वाव नव्हता. पांडू न्हावी, गणू हलवाई आणि बाजारातले दोन हमाल हे बाकीचे वीर. अण्णांनी सगळ्यांना लाल टोप्या शिवल्या आणि स्वतःला बंबवाल्यांसारखा कोट. रविवारी उल्हासच्या काठी कवायत चाले. रॉकेलच्या रिकाम्या डब्यांतून पाणी हातोहात पुढं द्यायचं आणि शेवटच्यानं ते एका दगडावर ओतायचं. तो दगड विझताना बघायला अर्धं गाव जमे.

खोटं कशाला बोलू, अण्णांनी आगी विझवल्याही. पेंढ्याची एक वखार त्यांच्यामुळंच वाचली. पण एका मुंजीत होमाचा धूर जरा वाढला, तर त्यावरही घागर ओतली. भटजी ओलेचिंब होऊन थरथरत उभे. अण्णा म्हणाले, "गुरुजी, तुमचा अग्नी तुमच्या धोतराकडे बघत होता."

मग बंब आला. बंद पडलेल्या एका गिरणीतला, दोघांनी दांडा वरखाली करायचा हातबंब. अण्णांनी तो बैलगाडीवर बसवला आणि घासूनपुसून लखलखीत केला. पण बंब आल्यापासून गावात साधी ठिणगी उडेना. अण्णा रोज सकाळी आभाळाकडे बघत आणि निराश होऊन सुईत दोरा ओवत.

वैशाख सरत आला होता. एका सकाळी पळसदरीच्या बाजूला धूर दिसला आणि अण्णांनी शिट्टी फुंकली.

"अण्णा, कुनी राब भाजत आसंल," पांडू म्हणाला.

भाताचं रोप जिथं टाकायचं, त्या जागेवर आमच्याकडे शेण, डहाळ्या, पाला थराथरानं पसरून जाळतात. तो राब. इथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक. पण अण्णा पडले घाटावरचे. "आग काय विचारून लागते?" म्हणत ते गाडीवर चढले. पांडूनं पुढं हट्ट धरला नाही, मीही नाही. बंब नवा होता, हात सगळ्यांचेच शिवशिवत होते.

पळसदरीच्या तळ्यात नळी टाकली आणि दांडा मारला. पाण्याचा लोट असा सुटला, की जाळ बसला, धूर बसला, आणि शेण, पाला, वरची माती सगळं उतारावरून ओढ्यात गेलं. आम्ही टोप्या उडवल्या.

झाडाच्या सावलीला टेकलेली एक बाई धावत आली. ठमाबाय. नवरा वारलेला, पोटाला एवढं एकच खाचर.

"अरं, काय केलंत रं ह्ये? माजा राब इझवलात?"

"घाबरू नका बाई," अण्णा कोट नीट करत म्हणाले. "धोका टळला."

ती मटकन खाली बसली. "दिवाळीपासनं डोक्यावरनं वाहून आनला व्हता रं. आता रोप कुठं टाकू? वरीसभर खाऊ काय?"

अण्णांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही भुईकडे पाहिलं. तेव्हा त्यांना उमगलं. त्यांनी घाईघाईनं खिशात हात घातला.

"पैशे पेरू काय?" ठमाबाय म्हणाली.

परत येताना अण्णांनी कोट काढून घडी करून मांडीखाली दडवला. बातमी आमच्या आधी बाजारात पोचलेली. "अण्णा, आज शेत वाचवलंत म्हणे!" दुकानादुकानातून हशा. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, पण डोक्यावरून उपरणं ओढून घरात शिरला. दुकान बंद, शिवणयंत्र बंद. दार वाजवलं तर आतून आवाज, "मास्तर, तोंड दाखवायला जागा नाही."

पुढं ते मला दिसले ते गुरांच्या बाजारामागं, डोक्यावर शेणाची पाटी घेतलेले.

"बघू नका माझ्याकडे," ते म्हणाले.

"अण्णा, दांडा मीही मारलाय." मी पाटीला हात लावला. दोघांनी मिळून ती ठमाबायच्या खाचरावर नेली. दुसऱ्या दिवशी पांडू आणि गणूही आले. कुणीच टोपी घातली नव्हती.

ठमाबायनं आमच्याशी शब्द काढला नाही. पण अण्णा आधी पाला पसरायला लागले, तेव्हा तिला राहवेना. "आदी श्यान रं! मंग डहाळ्या, मंग पाला. सदरा शिवायच्या आदीच बटनं लावतोस काय?"

राब रचून झाला, तशी तिनं पेटतं लाकूड अण्णांपुढं धरलं. "लाव."

"मी?"

"तूच."

अण्णांनी लाकूड घेतलं. त्यांनी पाण्याचा एक डबा हळूच पाठीमागं ठेवला होता. ठमाबायनं तो उचलून शेजारी चरणाऱ्या म्हशीपुढं नेला. राब पेटला, आणि विझेपर्यंत अण्णा त्याच्यासमोर हात जोडल्यासारखे बसून राहिले.

पाऊस लागल्यावर ते अधूनमधून पळसदरीला जात. लांबूनच रोप बघत आणि ठमाबाय दिसली की परत फिरत. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवशी मी बरोबर होतो. चिखलात वाकलेल्या बायांपैकी एक म्हणाली, "ठमे, बांधावरचा ह्यो बगळा कोन गं?"

अण्णांची मान खाली गेली. ते वळणार, एवढ्यात ठमाबाय कंबर सरळ न करताच म्हणाली, "भाऊ हाय माजा."

"तुला कुठला गं भाऊ?"

"घाटावरला. उबा का रं? आलास तर उतर खाली."

अण्णा उतरले. त्यांनी रोपं वाकडी लावली, तिनं ती उपटून पुन्हा लावली. 

परतताना अण्णा गुडघाभर चिखलानं माखलेले होते. रेल्वेच्या फाटकाशी थांबून त्यांनी मला विचारलं, "मास्तर, भाऊ बहिणीकडे जातो, तेव्हा बरोबर काय नेतो हो?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते खाली बघत होते.

"मला जायला बहीणच नव्हती कधी," ते म्हणाले.